प्रेमकथा, ट्रंकेतले कागद आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे पैसे

मुंबईच्या एका उपनगरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी गेली काही वर्षे काम करीत आहे. पाच माणसे, एक लांबट टेबल, विक्रेत्याने पसंतीसाठी आणून ठेवलेली पुस्तकांची चळत आणि दोन वेळचा चहा, असे या समितीचे साधे स्वरूप आहे. मागच्या बैठकीत त्या चळतीतून एक कादंबरी निघाली. मुंबईत नोकरी करणारी एक मुलगी आजोबा गेल्यानंतर तळकोकणातील एका लहान गावी जाते, बंद घराच्या माळ्यावर तिला पत्र्याची ट्रंक सापडते, ट्रंकेत कुणा अनोळखी बाईच्या नावे केलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या निघतात आणि त्या बाईचा माग काढता काढता ही मुलगी गावातल्या गुरांच्या डॉक्टरच्या प्रेमात पडते, असे तिचे कथानक मलपृष्ठावर दिले होते. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि पुस्तक नाकारलेल्या गठ्ठ्यावर ठेवून ते म्हणाले, "हे लोकांनी खुशाल वाचावे, पण स्वतःच्या पैशाने. अनुदानाच्या पैशातून नको."

प्रश्न नवा नाही, पण तो इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच विचारला जातो. गावातले हलकेफुलके प्रेम, जोडीला घराण्यातले एखादे गुपित आणि थोडे रहस्य, अशा पुस्तकांवर सार्वजनिक पैसा खर्च करावा का? करावा, आणि तो चोरट्यासारखा, "वाचकांची मागणी आहे म्हणून नाइलाजाने" अशी टीप लिहून करू नये, असे माझे मत आहे.

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. आज अशी ग्रंथालये राज्यात अकरा हजारांहून अधिक आहेत. ज्याने अशा एखाद्या संस्थेचा ताळेबंद एकदा जरी पाहिला असेल त्याला ठाऊक असते की सेवकांचे वेतन, वीज, वृत्तपत्रांची बिले आणि गळक्या छताची डागडुजी आटोपल्यावर ग्रंथखरेदीसाठी जे उरते ते फारच तुटपुंजे असते. त्या तुटपुंज्या रकमेतून एक कादंबरी घेतली म्हणजे कुठला तरी कोश, कुठला तरी इतिहासग्रंथ किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हवे असलेले एखादे पुस्तक राहून जाते. आमचे ज्येष्ठ सदस्य याच हिशेबाने बोलत होते, आणि ज्या माणसाने तीस वर्षे ग्रंथालयासाठी दारोदार देणग्या मागितल्या त्याला असे बोलण्याचा अधिकारही आहे.

तरीही त्यांच्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला आहे. आमच्या देवघेव विभागात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अजूनही कागदाची तारीखचिठ्ठी चिकटवतात आणि परतीची तारीख तीवर रबरी शिक्क्याने उमटवतात. बैठकीनंतर मी सहज दोन कपाटे उघडून पाहिली. समितीने एकमताने, थोड्या अभिमानानेच, घेतलेल्या एका जाडजूड समीक्षाग्रंथाच्या चिठ्ठीवर सात वर्षांत तीन शिक्के होते आणि त्यातला एक माझा होता. शेजारच्या कपाटातील, बाइंडिंग सुटून दोऱ्याने बांधलेल्या एका जुन्या रहस्यमय प्रेमकथेची चिठ्ठी भरल्यामुळे तिच्यावर दुसरी, आणि दुसरीवर तिसरी चिकटवलेली होती. पुस्तक उपयोगासाठी असते आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, ही ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिली दोन सूत्रे आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत. ती मान्य असतील तर एका वाचनामागे येणारा खर्च हादेखील हिशेबाचा भाग मानला पाहिजे, आणि त्या हिशेबात समीक्षाग्रंथ फार महाग पडतो. तो घेऊ नये असे मी म्हणत नाही. दोघांपैकी कुणाला सार्वजनिक पैसा "वाया घालवणारा" म्हणायचे ते मात्र शिक्के मोजून ठरवावे.

शिवाय करमणुकीविषयीचा हा संकोच मराठी वाङ्मयाच्या मूळ स्वभावातला दिसत नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली साप्ताहिक काढले तेव्हा त्याचे नाव 'करमणूक' असे ठेवले. बालविवाह, सासुरवास आणि केशवपन यांत होरपळलेल्या मुलीची कहाणी सांगणारी त्यांची कादंबरी याच 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या अंकात काय होते या उत्सुकतेनेच ती घराघरांत वाचली गेली. मुंबईत काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली मासिक सुरू केले त्याचे नाव 'मनोरंजन'. ज्या दिवाळी अंकाला आपण आज मराठी संस्कृतीचे भूषण म्हणतो त्याची प्रथा या 'मनोरंजन'च्या १९०९ सालच्या अंकाने पडली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि अक्षरओळखीच्या पलीकडे शाळा न पाहिलेल्या कितीतरी माणसांना वाचनाची सवय लावली. त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात घ्यायचे की तळटीपेत, यावर मात्र आपण बरीच वर्षे घालवली. थोडक्यात, ज्या दोन नियतकालिकांनी मराठी गद्याला वाचकवर्ग मिळवून दिला त्यांनी आपला हेतू नावातच सांगितला होता, आणि त्याची लाज त्यांना वाटली नव्हती.

परंतु माझा मुख्य मुद्दा वाचकसंख्येचा किंवा परंपरेचा नाही. लहान गाव, बंद घर, ट्रंक आणि गुपित हा साचा परदेशी पुस्तकांतून उचललेला आहे, आपल्या जगण्याशी त्याचा संबंध नाही, असे आमच्या बैठकीत गृहीत धरले गेले. त्या गृहीतकाशी माझा खरा वाद आहे, कारण मुंबईतील मराठी माणसाइतका हा साचा दुसऱ्या कुणाला क्वचितच लागू पडत असेल.

या शहरातील मराठी कुटुंबांचा मोठा भाग शंभर वर्षांहून अधिक काळ दोन घरांत विभागून जगला. पुरुष गिरणगावात, एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. बायको, मुले आणि म्हातारे आईवडील रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, साताऱ्यात किंवा घाटावरच्या एखाद्या गावात. दोहोंमध्ये दुवा होता तो महिन्याच्या मनीऑर्डरचा, गणपती-शिमग्याच्या रजेचा आणि कुणाच्या तरी हाती पाठवलेल्या चिठ्ठीचा. वर्षातले दहा-अकरा महिने जो माणूस घरच्यांच्या नजरेआड राहतो त्याच्या आयुष्यात घरच्यांना ठाऊक नसलेला एक कप्पा तयार होतो. सगळ्यांच्याच कप्प्यात पाप होते असे समजण्याचे कारण नाही. कुठे कर्ज होते, कुठे व्यसन, कुठे गावी कधीच न कळवलेला आजार, आणि कुठे खरोखरच दुसरे घर. मुंबई प्रांतात हिंदूंमधील द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ साली झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर लागू केली. त्याआधी जे दुसरे लग्न गावाला माहीत असे ते त्यानंतर झाकून ठेवणे भाग पडले. कायदा योग्यच होता. पण ट्रंकेतल्या पावत्यांचा एक उगम तिथे आहे, हेही खरे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातील अनेकांना कायमचे गावी परतावे लागले. परतताना त्यांनी आपल्या खोलीतले जे सामान बांधून नेले त्यात गाळ्याच्या भाड्याच्या पावत्या होत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद होते आणि एखाद्या वेळी एक नाव जास्तीचे असलेले रेशनकार्डही होते. आजची नात माळ्यावरून तीच ट्रंक खाली उतरवते आहे. तेव्हा या कादंबरीकाराला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली असेल असे मला वाटत नाही.

याला जमिनीची बाजू जोडा म्हणजे रहस्यकथेची सामग्री पूर्ण होते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क १९९४ साली दिला, केंद्राने तो २००५ च्या दुरुस्तीने दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाने कायद्याने रद्दबातल ठरणाऱ्या विवाहातून जन्मलेल्या मुलांनाही आईवडिलांच्या मालमत्तेत, वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या एकत्र कुटुंबातील हिश्श्यासह, वाटा असल्याचे स्पष्ट केले. हे निकाल वर्तमानपत्रात चार ओळींत संपतात. घरात ते संपत नाहीत. सात-बारा उतारा आता मोबाइलवर पाहता येतो, आणि लोकलमध्ये विक्रोळी ते घाटकोपरच्या दरम्यान तो सहज चाळणाऱ्या एखाद्या भाच्याला वारसांच्या नोंदीत एक अपरिचित नाव दिसते, किंवा आईने कधी काळी सही केलेल्या हक्कसोडपत्राचा फेरफार दिसतो. आपल्याकडे खऱ्या गुप्तहेराचे काम पूर्वी तलाठी करीत असे, आता ते संकेतस्थळ करते, एवढाच फरक.

आता प्रश्न राहतो तो सुराचा. इतका गंभीर ऐवज हलक्या हाताने का हाताळावा? माझ्या मते तो हलक्या हाताने हाताळला जातो म्हणूनच तो घरात वाचला जातो. न्यायालयात गेलेले गुपित वादी आणि प्रतिवादी निर्माण करते. आपल्या गंभीर कादंबरीत गेलेले गुपित बहुधा कुणाचा तरी बळी घेऊन थांबते. हलकीफुलकी प्रेमकथा पहिल्याच पानावर वाचकाला गोड शेवटाचा शब्द देते, आणि त्या शब्दाच्या भरवशावर वाचक एरवी ज्याकडे पाहण्याचे टाळतो त्याकडे दोनशे पाने पाहत राहतो. रहस्य आणि प्रेम यांची सांगड केवळ विक्रीसाठी घातलेली असते असेही नाही, ती रचनेची गरज असते. लहान गावात परक्या माणसाला कुणी काही सांगत नाही. तिथला पहिला प्रश्न "तू कोणाची गो?" हा असतो, आणि त्याचे उत्तर पटेपर्यंत चहा मिळतो, माहिती मिळत नाही. मुंबईहून आलेली नायिका गावातल्या कुणाच्या प्रेमात पडली की ती उद्याची सून म्हणून मोजली जाऊ लागते आणि मग विहिरीवरची म्हातारी, देवळातले गुरव, पोस्टातले निवृत्त मास्तर अशी एकेक दारे तिच्यासाठी उघडू लागतात. उलट मुंबईत आपण समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचे आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचतो. चाळीतल्या सामायिक गॅलरीत गुपित टिकत नसे, टॉवरमध्ये ते कुणाला नकोच असते, आणि म्हणून रहस्याला लागणारी मोजकी, एकमेकांना तीन पिढ्या ओळखणारी माणसे शोधायला मराठी कथेला गाडीत बसून दक्षिणेकडे जावे लागते. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण सुरू झाल्यापासून ही कथा एका रात्रीत घडू शकते, ही लेखकांची एक सोय.

आमच्या ग्रंथालयात एक निवृत्त शिक्षिका येतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्या टेबलापाशी येऊन नेहमी थोड्या खालच्या आवाजात म्हणतात, "ताई, काहीतरी हलकं द्या, शेवट चांगला असलेलं." ग्रंथपाल ताईंनी त्यांना असेच एक पुस्तक दिले होते, ज्यात घराण्याच्या फोटोतील कापून टाकलेल्या बाईचा शोध घेतला जातो. पुस्तक परत करताना काकूंनी सांगितले की त्यांच्या माहेरच्या एका फोटोतही मागच्या रांगेत एक बाई आहे, जिचे नाव लहानपणी विचारले की विषय बदलला जाई, आणि साठ वर्षांनी त्यांनी परवा फोनवर भावाला ते नाव विचारले. भाऊ आधी हसला, मग म्हणाला, "हे तुझ्या डोक्यात त्या कादंबऱ्यांनी भरवलं." पुढे काय झाले ते काकूंनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पण पुस्तकाचे निमित्त नसते तर तो फोन झाला नसता, आणि "कादंबऱ्यांनी भरवलं" असे म्हणून हसण्याची सोय नसती तर भावाने फोन ठेवून दिला असता, असे मला वाटते.

याचा अर्थ ही सगळी पुस्तके चांगली असतात असा कुणी घेऊ नये. नाकारलेल्या गठ्ठ्यातली ती कादंबरी मी त्या रात्री घरी आणून वाचली. गुरांच्या डॉक्टरची रात्री अडलेल्या म्हशीपाशी धावपळ होते ते प्रकरण उत्तम आहे, आणि मुंबईची मुलगी कंदील धरून उभी असताना त्यांचे जे पहिले भांडण होते ते मी दोनदा वाचले. पण तिचे आणि त्याचे आडनाव असे सोयीस्कर निवडले आहे की जातीचा प्रश्न उद्भवूच नये. खऱ्या गावात प्रेमकथेचे पहिले रहस्य तिथेच असते. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे आणि त्याखाली लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. वांद्र्याच्या कार्यालयातील फलकावरची ती नोटीस नेमकी गावाकडच्या कुणाच्या तरी दृष्टीस पडते आणि संध्याकाळच्या आत वार्ता वाडीवर पोहोचते, यात जेवढे भय आहे तेवढाच विनोदही आहे, आणि आमच्या लेखकांनी ही खाण अजून नीट खणलेली नाही. दुसरा दोष मला अधिक खटकला. पावत्यांवरची ती बाई शेवटी सापडते, पण ती वीस वर्षांपूर्वीच वारलेली असते आणि सर्वांना क्षमा करणारे एक पत्र मागे ठेवून गेलेली असते. गोड शेवट हवा म्हणून जिच्यावर अन्याय झाला तिलाच मारून टाकायचे आणि तिच्या नावाने पावती फाडून मोकळे व्हायचे, ही लबाडी आहे. तिला जिवंत ठेवून, अंगणात समोरासमोर बसवून, दोन कडक शब्द बोलू देऊनही शेवट गोड करता आला असता. ते अवघड आहे, पण हलके लिहिणे सोपे असते असे कुणी म्हटले होते?

हे दोष लेखिकेला कुणी दाखवून दिले असतील का? बहुधा नाही, कारण अशा पुस्तकांची परीक्षणे आपल्याकडे छापून येत नाहीत. जाणकार ती वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना कुणी लिहायला सांगत नाही. परिणामी चांगली हलकी कादंबरी आणि वाईट हलकी कादंबरी यांतला फरक कपाटात दिसत नाही, समितीलाही दिसत नाही, आणि "सगळी एकजात तसलीच" हे मत आपोआप खरे ठरत जाते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शिलालेखांवर, ताम्रपटांवर आणि प्राचीन ग्रंथांवर पुष्कळ लिहून आले. ते यायलाच हवे होते. पण त्या भाषेत आज दुपारी जे वाचले जाते आहे त्याच्याविषयी चार जबाबदार ओळी लिहिणे हेही भाषेचेच काम आहे.

मोबाइलवर मालिका असताना लोकांना ही पुस्तके कशाला हवीत, असाही एक प्रश्न बैठकीत आला होता. मालिकेत गुपित फुटायला आठशे भाग लागतात, एवढे उत्तर मी दिले आणि आमचे ज्येष्ठ सदस्यही हसले.

पुढच्या बैठकीत मी एक प्रस्ताव ठेवणार आहे. ग्रंथखरेदीच्या रकमेचा एक ठरावीक भाग अशा पुस्तकांसाठी उघडपणे राखून ठेवावा. निवड करताना समितीतील किमान एकाने पुस्तक संपूर्ण वाचलेले असावे, मलपृष्ठावरून निकाल देऊ नये. आणि घेतलेल्या प्रत्येक पुस्तकावर वाचकांपैकी कुणाकडून तरी एक पानभर मत लिहून घेऊन ते सूचनाफलकावर लावावे, त्यात दोषही असावेत. ज्येष्ठ सदस्यांना मी फोनवर याची कल्पना दिली. आधी कोशांचे बाइंडिंग करून घ्या, मग बोलू, असे ते म्हणाले. बाइंडिंगचे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते काम याच महिन्यात करून घ्यायचे ठरले आहे.

दरम्यान ती कादंबरी ग्रंथालयात टेबलावरच पडून आहे. विक्रेत्याला ती महिनाअखेरीस परत हवी आहे. दाखल अंक, म्हणजे ग्रंथालयाचा नोंदणी क्रमांक, पडल्याशिवाय पुस्तक वाचकांना बाहेर देता येत नाही असा आमचा नियम आहे, म्हणून काकू रोज दुपारी चारला येतात आणि वाचनकक्षात पंख्याखालची खुर्ची धरून ती तिथेच वाचतात. काल त्या ट्रंक उघडण्यापर्यंत आल्या होत्या.